मोठेपणाचा भ्रम आणि भाऊबंदकी

मराठीत ‘मोठेपणा’ हा शब्द ज्या क्रियापदांबरोबर वावरतो, ती पाहण्यासारखी आहेत. मोठेपणा दिला जातो, मोठेपणा मिळतो, मोठेपणा मिरवला जातो आणि क्वचित तो घेतलाही जातो. पण ‘मोठेपणा घेणे’ असे म्हणताना बोलणाऱ्याच्या स्वरात किंचित उपरोध आल्यावाचून राहत नाही. भाषेने येथे एक नैतिक निवाडा गुपचूप करून ठेवला आहे. मोठेपणा ही दुसऱ्याने द्यावयाची वस्तू आहे. ज्याने त्याने ती स्वतःच उचलून घेतली की तिचे मोल जाते. लग्नकार्यातील मानपानाचा सारा खटाटोप याच समजुतीवर उभा असतो. विहिणीला मान आपण होऊन घेता येत नाही. तो कोणीतरी द्यावा लागतो, आणि दिला न गेल्यास तिने रुसावे एवढीच मुभा तिला असते. रुसणे हे मागण्याचेच एक रूप आहे, आणि जो मागतो तो समोरच्याचा देण्याचा अधिकार मान्य करीत असतो. मोठेपणाच्या भ्रमात हे मागणेच संपते. आपले मोठेपण सिद्धच आहे, आप्तस्वकीयांनी त्यावर साक्षीदार म्हणून सही तेवढी करावयाची आहे, अशी त्या माणसाची खात्री झालेली असते. आणि साक्ष देण्यास जो कचरतो तो त्याच्या लेखी वैरी ठरतो.

मानसोपचारशास्त्र ज्याला विकृती मानते, असा महत्तेचा संभ्रमही आहे. आपण देवाचा अवतार आहोत, आपल्यापाशी अलौकिक सामर्थ्य आहे, असे खरोखरीच मानणारा माणूस आजारी असतो, आणि आजाऱ्याला नीतीच्या न्यायासनासमोर उभे करणे निर्दयपणाचे होय. त्याचा विचार वैद्यांनी करावा. नीतिविचाराला अडचण होते ती शहाण्यासुरत्या, कर्तबगार, व्यवहार जाणणाऱ्या माणसाच्या भ्रमाची. तो हिशेब बरोबर करतो, पत्रे नेटकी लिहितो, लढाईही जिंकतो; केवळ स्वतःचे माप घेताना त्याचा हात चुकतो, आणि त्या चुकीची किंमत घरातले व गावातले लोक भरतात.

परंतु हे माप ठरवावयाचे कसे? पुणे परगण्यातील एका जहागीरदाराच्या मुलाने सोळा-सतरा वर्षांच्या वयात स्वतंत्र राज्याचा विचार करावा, याला १६४० च्या दशकात विजापूरच्या दरबाराने भ्रमच म्हटले असते. पुढे तो विचार खरा ठरला म्हणून तो भ्रम नव्हता असे म्हणावे, तर नीतिविचार हा यशाचा भाट होऊन बसतो. आकांक्षेचा आकार ही भ्रमाची कसोटी नव्हे, आणि तिचा परिणाम ही तर नव्हेच नव्हे. कसोटी घरात शोधावी लागते. आपल्या माणसांचा हक्क, त्यांचा नकार, त्यांचे दुःख ऐकू येण्याइतकी जागा त्या आकांक्षेने मनात शिल्लक ठेवली आहे काय, एवढाच प्रश्न विचारता येतो. मराठ्यांच्या इतिहासात हा प्रश्न विचारण्याजोगी घराणी पुष्कळ. त्यांतील दोघांकडे पाहिले तरी पुरे, आणि पहिल्याची वाट बंगळूरवरून जाते.

केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेले बंगळूर १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखालील विजापुरी फौजेने घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागिरीदाखल आले. शहाजीराजांनी तेथे जो दरबार उभा केला त्याचे चित्र जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त उमटले आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्या प्रदीर्घ प्रस्तावनेसह हे काव्य प्रसिद्ध केले, तेव्हापासून मराठी अभ्यासक त्याकडे इतिहासाचे साधन म्हणूनच पाहत आले. पण ते स्तुतीच्या समाजशास्त्राचेही साधन आहे. अनेक भाषांतील कवी एकामागून एक येतात, समस्यापूर्ती करतात आणि आपापल्या भाषेत राजाचे गुण गातात. उत्तरेचे रक्षण शहाजहानने करावे आणि दक्षिणेचे शहाजीने, अशी सृष्टिकर्त्याचीच योजना असल्याचे एका हिंदी पद्यात सुचवले आहे. विजापूरच्या एका सरदाराला थेट दिल्लीच्या बादशहाच्या जोडीला नेऊन बसवणारी ही कल्पना ऐकून शहाजीराजांना काय वाटले असेल? स्तुतीने माणूस बिघडतो, असे सरसकट मानणाऱ्यांनी या प्रश्नापाशी थोडे थांबावे.

कारण हेच शहाजीराजे जुलै १६४८ मध्ये जिंजीच्या छावणीत स्वपक्षाच्याच सेनापतीकडून, मुस्तफाखानाकडून, कैद झाले. त्यांच्या सुटकेसाठी १६४९ मध्ये धाकट्या मुलाने, शिवाजीराजांनी, कोंढाणा सोडला आणि थोरल्या संभाजीराजांनी बंगळूर सोडले. ‘शिवभारत’कार परमानंदाने ही हकीकत वर्णिली आहे. आपण किती मोठे आहोत हे कवींच्या तोंडून ऐकणे वेगळे, आणि आपल्यासाठी मुलांनी काय गमावले हे कळणे वेगळे. स्तुती ऐकूनही ज्याला भ्रम होत नाही त्याच्यापाशी बहुधा अशी एखादी नोंद जपलेली असते. बंगळूर पुढे पुन्हा शहाजीराजांकडे आले, पण यावेळी ते मुलांनी एकदा गहाण टाकून सोडवलेल्या दागिन्यासारखे आले. दरबारी स्तुती ही तशी निरुपद्रवी असते. तिचे संकेत ऐकणाऱ्याला व गाणाऱ्याला सारखेच ठाऊक असतात. घातक ठरते ती घरगुती स्तुती. ती काव्यासारखी वाटत नाही, सल्ल्यासारखी वाटते.

शहाजीराजे जानेवारी १६६४ मध्ये होदिगेरीजवळ शिकारीत घोड्यावरून पडून वारले. कर्नाटकातील जहागीर तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्या ताब्यात राहिली. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावर घेतले आणि ते तेथे राजे झाले. पराक्रम त्यांचा स्वतःचा होता, हे विसरून चालणार नाही. मराठी वाचकाला तंजावरच्या या भावाची आठवण बहुधा थोरल्या भावाच्या पत्रांतूनच असते, आणि पत्रे लिहिणारा पक्षकार असतो. तरीही एक गोष्ट व्यंकोजींच्या बाजूने मांडणे अवघड जाते. शहाजीराजांच्या वेळचे कारभारी रघुनाथ नारायण हणमंते त्यांच्या दरबारात होते. त्यांची अवहेलना झाली, ते नोकरी सोडून गेले आणि शिवाजीमहाराजांना येऊन मिळाले. वडिलांच्या हाताखाली वाढलेला कारभारी हा घराचा स्मृतिकोश असतो. आपल्याला लहानपणापासून ओळखणारा एक माणूस दरबारात असणे कोणत्याही राजाला गैरसोयीचे वाटते. त्याला घालवल्यावर जे उरतात त्यांना राजाचा फक्त वर्तमानकाळ माहीत असतो. व्यंकोजींच्या भोवती असे लोक उरले.

१६७७ च्या उन्हाळ्यात दक्षिणदिग्विजयावर असलेल्या शिवाजीमहाराजांनी कोल्लिडम नदीकाठी भावाची भेट घेतली आणि वडिलांच्या मिळकतीतील निम्मा वाटा मागितला. वडील जाऊन तेरा वर्षे झाली होती. बोलणी काही दिवस चालली. मग एका रात्री व्यंकोजी कोणाला न सांगता नदी उतरून तंजावरला निघून गेले. महाराज परतल्यावर नोव्हेंबरमध्ये व्यंकोजींच्या फौजेने त्यांच्या मागे ठेवलेल्या सैन्यावर चाल केली आणि पराभव पत्करला. ज्यांच्याशी ती लढली त्यांच्यात शहाजीराजांचे आणखी एक पुत्र संताजी होते, आणि रघुनाथपंतही होते. पुढे महाराजांनी जे पत्र धाडले त्यात भावाच्या बुद्धीची तुलना दुर्योधनाच्या बुद्धीशी केलेली आहे. उपमा कडू आहे, पण नेमकी आहे. दुर्योधनाने पाच गावे नाकारली ती गावांची गरज होती म्हणून नव्हे. देणे म्हणजे समोरच्याचा हक्क मानणे, आणि हक्क मानणे म्हणजे आपले मोठेपण वाटून घेणे, असे त्याला वाटले म्हणून.

या भांडणाचा शेवट महाभारतासारखा झाला नाही, हीच त्यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट. परंपरा सांगते की व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांनी पतीला समजावले आणि रघुनाथपंतांना मध्ये घालून तह घडवला. बखरीत या तहाची एकोणीस कलमे दिलेली आहेत. त्यांतील एका कलमाने बंगळूर, होसकोटे व आसपासचा मुलूख दीपाबाईंना चोळी-बांगडीसाठी म्हणून दिला. चोळी-बांगडी म्हणजे स्त्रीच्या खाजगी खर्चाची नेमणूक. जिंकलेल्या भावाने शहर ठेवून घेतले नाही, आणि हरलेल्या भावालाही ते परत केले नाही. परत केले असते तर ती भीक झाली असती, ठेवून घेतले असते तर तो दंड झाला असता. शहर भावजयीच्या नावे झाले आणि दोघांपैकी कोणाच्याही मोठेपणाच्या खात्यात ते जमा झाले नाही. राजनीतीच्या ग्रंथांत या युक्तीला नाव नाही. माजघरात ती रोज वापरली जाते. दोन भावांच्या भांडणातला दागिना आईच्या पेटीत ठेवण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना या कलमाचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही.

एवढे होऊनही व्यंकोजी सावरले नाहीत. ते विरक्त झाले, कारभारात लक्ष घालीनासे झाले, आणि महाराजांनी आयुष्याच्या अखेरीस त्यांना दुसरे पत्र लिहिले. त्याचा सूर पहिल्याहून अगदी वेगळा आहे. उदास होऊन बसू नये, पराक्रमाचे दिवस आहेत ते करून दाखवावे, थोरला म्हणून मला ते पाहण्यात संतोष आहे, असा त्याचा आशय. भ्रम फुटलेल्या माणसाची जी दुसरी अवस्था असते, सर्वस्वी लहान होऊन बसण्याची, तीही एका अर्थी मोठेपणाचीच आहे. कारण तिच्यात ‘सर्व नाही तर काहीच नाही’ असा हट्ट असतो. हे पहिल्या पत्रातील रागापेक्षा अधिक खोलवर पाहणे झाले. १६८७ मध्ये तंजावरकर भोसल्यांनी बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांना ३ लाख रुपयांना विकण्याचे ठरवले. व्यवहार पुरा होण्यापूर्वीच मोगल सेनापती कासिमखानाने ते घेतले आणि मग त्यानेच ते म्हैसूरकरांच्या हवाली केले. बापाच्या सुटकेसाठी सोडलेले, भावजयीला चोळी-बांगडीसाठी दिलेले शहर शेवटी एका किमतीचा आकडा होऊन घराबाहेर पडले.

पुढे १७५९ च्या सुमारास गोपाळराव पटवर्धनांनी बंगळूरला वेढा घातला, आणि हैदरअलीचे नाव ज्या प्रसंगांनी वर आले त्यांपैकी तो एक ठरला. या गोपाळरावांचा उल्लेख येथे दुसऱ्या एका कारणाने करावा लागतो. चारच वर्षांनी, १७६३ च्या आरंभी, त्यांची मिरज हिरावून घेण्यासाठी फौज चालून आली ती हैदरची नव्हती. ती पेशव्यांच्या चुलत्याची, रघुनाथरावांची होती.

रघुनाथरावदादांना मराठी मनाने दोन वाक्प्रचारांत वाटून टाकले आहे. ‘अटकेपार झेंडा’ हा एक आणि ‘ध चा मा’ हा दुसरा. एकच माणूस या दोन टोकांना कसा पोहोचला, हा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारावयाचा तर पहिल्या वाक्प्रचारापासून सुरुवात करावी लागते. दादा एप्रिल १७५८ मध्ये लाहोरला पोहोचले आणि महिन्याभराने माघारी वळले. अटकेची मजल त्यांच्या मागे राहिलेल्या सरदारांनी मारली. मोहिमेने कीर्ती पुष्कळ आणली, पण खजिन्यात भर पडण्याऐवजी कर्जाचा बोजा आला, आणि पुण्यात त्याचा जाब विचारला गेला. पानिपतावर त्यांच्याऐवजी सदाशिवरावभाऊ गेले. येथे दादांच्या मनात जी गणिते मांडली गेली असतील त्यांचा अंदाज करता येतो. आपण अटक दाखवली, भाऊंनी पानिपत; तेव्हा राज्य कोणाचे? जून १७६१ मध्ये नानासाहेब वारले आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. अटकेच्या वीराने कारभारी म्हणून पुतण्याच्या हाताखाली नव्हे, तरी त्याच्या नावाखाली वागावयाचे होते.

त्यांनी निम्म्या राज्याची मागणी केली. व्यंकोजींकडेही निम्माच वाटा मागितला गेला होता, पण दोन निम्म्यांत अंतर आहे. वडिलार्जित जहागिरीचा वाटा मागणे हे वतनाच्या न्यायाला धरून होते. पेशवाई ही जहागीर नव्हती, ते छत्रपतींनी दिलेले पद होते, आणि पदाची वाटणी होत नसते. दिलेल्या वस्तूला मिळकत समजणे, हा मोठेपणाच्या भ्रमाचा सर्वांत सामान्य प्रकार होय. कचेरीतील खुर्चीपासून संस्थेच्या अध्यक्षपदापर्यंत तो सर्वत्र दिसतो.

१७६२ मध्ये दादांनी निजामाचे साहाय्य घेऊन पुतण्यावर चाल केली. नोव्हेंबरमध्ये आळेगावला माधवरावांची बाजू पडली, तेव्हा ते आपण होऊन चुलत्याच्या छावणीत गेले आणि स्वाधीन झाले. घर फुटून शत्रूचे फावू नये म्हणून विजयी चुलत्यापुढे वाकणारा हा तरुण पेशवा मराठी वाचकाच्या मनात घर करून आहे, आणि ते योग्यच आहे. पण या वाकण्याने दादांच्या हाती काय आले ते पाहावे. भवानरावांचे प्रतिनिधिपद काढून ते दादांच्या तान्ह्या मुलाला, भास्कररावाला देण्यात आले. गोपाळराव पटवर्धनांवर फौज गेली, मिरज पडली, आणि बंगळूरला वेढा घालणारा हा निष्ठावंत सरदार निजामाच्या आश्रयाला गेला. दुखावलेली माणसे अशी एकेक करून शत्रूकडे जमा होऊ लागली, आणि निजामाने पुणे जाळले. ऑगस्ट १७६३ मध्ये राक्षसभुवनला चुलते-पुतणे एकत्र लढले, संकटात सापडलेल्या दादांना पुतण्याने सोडवले, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. पुण्याच्या लोकांना हा विजय आठवत राहिला. त्यांची घरे कशामुळे जळली होती, याची आठवण त्या विजयाने झाकली.

भ्रमिष्ट माणसाच्या आप्तांनी काय करावयास हवे होते, हा या कथेतील अवघड प्रश्न येथून पुढे सुरू होतो. माधवराव क्षमा करीत राहिले. १७६५ मध्ये हैदरशी लढाई स्वतः मारून आणल्यावर त्यांनी दादांना कर्नाटकात बोलावून घेतले आणि तहाची बोलणी त्यांच्या हातून होऊ दिली. चुलत्याला थोडा मान मिळाला म्हणजे त्याचे मन निवेल, असा त्यामागे हेतू असावा. हैदर त्या तहात सुटला, आणि माधवरावांना कर्नाटकात पुन्हा पुन्हा उतरावे लागले. गोपिकाबाई मुलाला कठोर व्हावयास सांगत होत्या, आणि मातुःश्रींच्या या कडवेपणाला इतिहासकारांनी पुष्कळ नावे ठेवली आहेत. परंतु या एका बाबतीत त्यांना माणसाची पारख अधिक होती, असे म्हणावे लागते.

दोष क्षमेचा नव्हता. आप्तांना क्षमा न करता कोणतेच घर टिकत नाही. माधवरावांनी जे दिले त्यात क्षमेबरोबर आणखी काहीतरी मिसळलेले होते, आणि ते म्हणजे खोटा मोठेपणा. मोठेपणा ही दुसऱ्याने द्यावयाची वस्तू आहे हे खरे, पण ती भीतीपोटी दिली की घेणाऱ्याला ती पावती वाटते. आपण मोठे आहोत म्हणूनच हे आपल्याला देत आहेत, असा तिचा अर्थ तो लावतो. तंजावरच्या तहात व्यंकोजींना राज्य ठेवू दिले, पण चूक कोणाची हे पत्रात स्वच्छ लिहिले होते. माधवरावांच्या बाबतीत जाब आणि दान एकाच वेळी कधी आले नाहीत. आधी बरीच वर्षे दान आले. आणि जाब आला तो एकदम जून १७६८ मध्ये धोडपला, तोफांच्या आवाजात. त्यानंतर दादा शनिवारवाड्यात नजरकैदेत राहिले. कैदेने भ्रम जात नाही. ज्याला इतके पहारे लागतात तो लहान कसा असेल?

नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला माधवराव वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी धाकट्या भावाला चुलत्याच्या स्वाधीन केल्याचे सांगतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारले. ते जीव वाचवण्यासाठी धावले ते चुलत्याकडेच, आणि त्यांना बिलगलेले असतानाच मारले गेले. नारायणरावांना धरण्याचा हुकूम दादांनी दिला होता, यापलीकडे त्यांचा हेतू काय होता याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. जनमानसाने मात्र वाद ठेवला नाही. आनंदीबाईंनी एका अक्षरात फेरफार केला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, असे ठरून गेले. असा कागद कोणी पुढे आणलेला नाही. तरीही ही गोष्ट इतकी टिकली याचे कारण तिच्या सोयीत आहे. सगळा अपराध एका अक्षरात आणि एका बाईच्या हातात सामावला की पराक्रमी चुलता केवळ दुबळा ठरतो, दुष्ट ठरत नाही. आणि बारा वर्षे त्याला मान देत आलेल्या मंडळींना स्वतःकडे पाहावे लागत नाही. त्यात दादांची मसलत चालवणारे सखारामबापूही आले. तेच पुढे बारभाईंच्या कारस्थानात दादांच्या विरुद्ध उभे राहिले. भ्रमाला वारा घालणारा माणूस भ्रम कोसळताना ढिगाऱ्याखाली क्वचितच सापडतो.

कुटुंबाला जे बोलता आले नाही ते शेवटी न्यायासनाला बोलावे लागले. रामशास्त्री प्रभुण्यांनी या पातकाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे नाही असे सांगितले आणि पुणे सोडले, ही परंपरेने जपलेली हकीकत सर्वश्रुत आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ च्या ‘भाऊबंदकी’त तिला रंगभूमीवर आणले. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ने १९६२ मध्ये याच घराण्याची आधीची वर्षे माधवरावांच्या बाजूने सांगितली. दोन्ही कृती लोकप्रिय झाल्या, पण दोहोंत वाचकाची सहानुभूती कोठे जावी हे आधीच ठरलेले आहे. भ्रमिष्टाला खलाच्या किंवा दुर्बळाच्या जागी बसवले की त्याच्या भोवतालच्या चांगल्या माणसांचा वाटा तपासण्याचे काम संपते. उलट टोक गाठते ते कुसुमाग्रजांचे ‘नटसम्राट’. १९७० पासून मराठी प्रेक्षक अप्पासाहेब बेलवलकरांसाठी रडत आला आहे, आणि त्या दुःखाची जात उंचीही आहे. पण घरात एक सम्राट कायमचा वस्तीला आला की सुनेने आणि मुलीने रोजचा संसार कसा रेटावा, हा प्रश्न स्वगतांच्या वैभवात ऐकू येत नाही. स्वगत हा प्रकारच असा आहे, की त्यात दुसऱ्याला बोलण्याची जागा नसते. मोठेपणाच्या भ्रमाला म्हणूनच तो इतका शोभतो. मराठीत या विषयावरचे श्रेष्ठ नाटक अजून व्हावयाचे आहे, आणि ते बहुधा दीपाबाईंसारख्या एखाद्या पात्राच्या बाजूने लिहावे लागेल.

पुढचा इतिहास लांब आहे, पण तो लवकर सांगून होतो. मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी पेशवाईच्या आशेने इंग्रजांना साष्टी आणि वसई देऊ केली. वसई १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतली होती ती चिमाजी अप्पांनी, म्हणजे त्यांच्या सख्ख्या चुलत्याने. सात वर्षे युद्ध चालले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने दादांच्या वाट्याला निवृत्तिवेतन आले, आणि डिसेंबर १७८३ मध्ये ते कोपरगावला वारले. निम्मे राज्य मागणारा माणूस नेमणुकीवर जगला, हे येथे महत्त्वाचे नाही. त्याच्या मुलांचे काय झाले हे महत्त्वाचे आहे. थोरले बाजीराव धारला जन्मले, वडिलांच्या वणवणीत वाढले आणि नंतर तरुणपणापर्यंत पहाऱ्यात राहिले. ज्या राज्याचे ते पुढे धनी झाले ते राज्य त्यांनी कैदखान्याच्या खिडकीतून पाहिले होते. त्यांच्या भित्रेपणाची आणि संशयीपणाची चेष्टा करणाऱ्यांनी ही खिडकी ध्यानात ठेवावी. धाकटा मुलगा वडील वारल्यानंतर काही महिन्यांनी जन्मला. त्याचे नाव चिमाजी ठेवण्यात आले. घरातले कोणी वसईची आठवण ठेवून हे नाव सुचवले की केवळ रीत म्हणून, ते सांगता येत नाही. त्याच्या थोरल्या भावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारण्याच्या तहावर सही केली, आणि ती सही वसईतच झाली.